बस्तीचं दार आणि घरचा उंबरा

2020 मध्ये कर्नाटकात 8 जूनपासून देवळं उघडायला परवानगी मिळाली. महाराष्ट्रात मात्र 16 नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीचा पाडवा उजाडावा लागला. निपाणीहून कागल ते किती लांब! कोगनोळी नाक्याच्या अलीकडं देव दर्शन देतो, पलीकडं देत नाही, असं आम्ही बायका हसून म्हणायचो. पण प्रश्न खराच होता.

ऑगस्टमध्ये पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी मुंबईतल्या दादर, भायखळा, चेंबूर इथल्या तीन जैन मंदिरांना सर्वोच्च न्यायालयानं मुभा दिली. एका वेळी पाचच जण. पैशाचे व्यवहार चालतात आणि धर्म म्हटला की साथ आठवते, याचं सरन्यायाधीश बोबडे यांनी नवल केलं. ऑक्टोबरात तर राज्यपाल कोश्यारींनी मुख्यमंत्री ठाकरे यांना, तुम्ही ‘सेक्युलर’ झालात का, असं पत्रातून विचारलं.

‘दुकान उघडं, मग देऊळ बंद का?’ हा सवाल आपल्या लोकांनाही पटला. मला तो अपुरा वाटतो. त्यात आपणच बस्तीला दुकानाच्या रांगेत नेऊन बसवतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचं मूळ प्रमादात, बेफिकिरीत सांगितलंय. मारायचं मनात नसलं तरी बेसावध वागणं सुटत नाही. पाणी गाळून पिणाऱ्यांनी आपल्या श्वासाचा हिशेब ठेवायला नको का?

पण ‘धर्म खाजगी आहे, घरात करा’ म्हणणाऱ्यांचंही मला पुरतं पटत नाही. घरात करा म्हणजे कुणी करायचं? सोवळं, स्वयंपाक, उपासाचं पारणं, पोरांचा मोबाईलवरचा अभ्यास, सगळं एकाच बाईच्या पदरात. एकट्या म्हाताऱ्या श्राविकेला तर बस्ती हेच घराबाहेरचं एकमेव ठिकाण असतं. उपाध्यांची चूलही तिथल्या पूजेवर पेटते. हा हिशेब त्या वादात फारसा कुणी मांडला नाही.

म्हणून मला पाच जणांची ती अट मोलाची वाटते. तिला कुणी सरकारी निर्बंध म्हणो, मला तिच्यात आपली समितीच दिसते: बघून चाला, जपून वागा. दार उघडं की बंद, एवढ्यावर धर्म मोजायचा नसतो. आत जाताना बाहेरच्याचा जीव आठवला का, ते बघायचं.

बायांनो, पुन्हा अशी वेळ आली तर विश्वस्तांच्या बैठकीला आपण जाऊन बसू या. उंबऱ्याच्या आतलं काम आपल्यालाच ठाऊक आहे; दाराचा निर्णयही आपल्याला विचारून व्हावा.