विद्युत मालवाहनांच्या ताफ्यांना चार्जिंगसाठी प्रोत्साहन : दिघी बंदराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील दिघी (ता. श्रीवर्धन) हे बंदर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून फेब्रुवारी 2021 मध्ये अदानी समूहाकडे 705 कोटी रुपयांना गेले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश झाला. रोहा–दिघी रेल्वेमार्गाचा प्रस्ताव जुना आहे. माल मात्र म्हसळा–माणगावच्या घाटवळणांनी, रस्त्यानेच जातो. म्हणजे बंदर वाढले की मालमोटारी वाढणार. त्या विजेवर चालाव्यात अशी शासनाची इच्छा असेल, तर त्यासाठी आजवर देऊ केलेली प्रोत्साहने अशा ठिकाणी कितपत उपयोगी पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

धोरणाचा रोख

महाराष्ट्राच्या 2021 च्या विद्युत वाहन धोरणाने सार्वजनिक चार्जरना अनुदान देऊ केले : मंदगती चार्जरला किमतीच्या 60 टक्के, कमाल 10 हजार रुपये, जलदगती चार्जरला 50 टक्के, कमाल 5 लाख रुपये. चार्जिंग केंद्रांची उद्दिष्टे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि सोलापूर या सात शहरांसाठी ठरविली गेली. विद्युत वाहनांसाठी सज्ज करावयाच्या चार महामार्गांत मुंबई–पुणे, मुंबई–नाशिक, पुणे–नाशिक आणि मुंबई–नागपूर हे होते, मुंबई–गोवा नव्हता. कोकणाला हा अनुभव नवा नाही. 2025 च्या धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला केंद्राची कल्पना मांडली, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. तथापि दोन्ही धोरणांच्या नजरेसमोर मुख्यत्वे वाटेत थांबणारा प्रवासी आहे. ताफ्याची गरज वेगळी असते. त्याची वाहने रोज एकाच आवारात परततात आणि एकाच वेळी वीज मागतात.

येथे साधे गणित पुरेसे आहे. दहा मालमोटारी प्रत्येकी 60 किलोवॅटने चार्ज होऊ लागल्या, तर मागणी 600 किलोवॅटची होते. हा लघुदाबाचा विषय उरत नाही. उच्चदाब वाहिनी, स्वतंत्र रोहित्र आणि प्रसंगी उपकेंद्राची क्षमतावाढ लागते. 2020 च्या केंद्रीय ग्राहकहक्क नियमांनी विद्युतीकरण झालेल्या भागात 150 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीचे शुल्क सरासरी खर्चावर निश्चित करण्याची सोय केली. त्यापुढील भाराला ही हमी नाही. समर्पित वितरण सुविधेखाली वाहिनी टाकायची, तर तिचा खर्च ग्राहकानेच सोसायचा. वाहिनीच्या टोकाला असलेल्या गावी तो अंतरानुसार फुगत जातो. अशा वेळी चार्जरवरील 5 लाखांचे अनुदान म्हणजे विहीर न खोदता मोटार घेऊन देण्यासारखे आहे.

दराचा प्रश्न याहून नाजूक आहे. सप्टेंबर 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी चार्जिंग केंद्रांना सकाळी 9 ते दुपारी 4 या सौर काळात सरासरी पुरवठा खर्चाच्या 0.7 पट, तर उरलेल्या वेळी 1.3 पट दर सुचविला आहे. दिवसाची सौर वीज वापरली जावी हा हेतू योग्यच आहे. परंतु ताफा दिवसा धावतो. मुक्कामी एसटी संध्याकाळी गावात येते आणि पहाटे सुटते. तिला वीज हवी ती नेमकी महाग वेळी. बंदराच्या मालमोटारी निदान भरण्या-उतरविण्याच्या रांगेत दिवसा उभ्या राहतात. रांगेजवळच चार्जर असेल तर स्वस्त वेळ साधता येईल. न्हावा-शेवा येथे सप्टेंबर 2025 मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या 50 अवजड विद्युत मालमोटारींचा ताफा सुरू झाला. त्या पद्धतीत बॅटरी दिवसा चार्ज होते आणि गाडी तिच्यासाठी खोळंबत नाही. दिघीसाठी हा नमुना अधिक अभ्यसनीय आहे.

वाहिनीचा खर्च कोणाचा?

कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने मे 2018 मध्ये वीज कंपन्यांना ताफ्यांसाठी ‘मेक-रेडी’ योजना राबविण्यास परवानगी दिली. त्यानुसार खांबापासून चार्जरच्या ओट्यापर्यंतची उभारणी कंपनी करू शकते आणि तो खर्च सर्व ग्राहकांच्या दरांतून वसूल होतो. मोबदल्यात ताफामालकाने किमान वाहने घेण्याची आणि चार्जर दीर्घकाळ चालविण्याची हमी द्यायची असते. प्रोत्साहन अडथळ्याच्या जागीच दिले जाते, हा या योजनेचा गुण. ज्याच्याकडे वाहनच नाही तोही त्याचे पैसे भरतो, हा दोष.

महाराष्ट्रात हा दोष अधिक बोचेल. दिघी-आगरदांड्यातील मच्छीमार कुटुंबाच्या देयकातून बंदरातील ताफ्याची वाहिनी उभी राहणे समर्थनीय नाही. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या सप्टेंबर 2025 च्या सूचनांनी रोहित्र, वाहिन्या अशा पायाभूत बाबींवर अर्थसंकल्पातून अनुदान देऊ केले आहे, ही दिशा म्हणूनच अधिक न्याय्य वाटते. मात्र ते सार्वजनिक केंद्रांपुरते आहे. खासगी आवारातील ताफा त्याबाहेर राहतो. माझ्या मते ही अट शिथिल करू नये, तिचाच उपयोग करून घ्यावा. बंदराच्या फाटकाबाहेर, रस्त्यालगत सामाईक चार्जिंग आवार उभारल्यास अनुदान मिळू शकेल आणि एकच मालमोटार बाळगणारा म्हसळ्याचा मालक व एसटी हे दोघेही तेथे येऊ शकतील. आपला व्यापारी ताफा म्हणजे बहुतांशी अशा सुट्या मालकांचाच समूह आहे, हे धोरणकर्ते वारंवार विसरतात. बंदरचालकाकडून कॅलिफोर्नियाप्रमाणे किमान वापराची हमी घ्यावी. वापर न झाल्यास वाहिनीच्या खर्चाची भरपाई त्याने करावी.

आणखी एक बाब खर्चाच्या अंदाजपत्रकात सहसा येत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा खांब आडवे होऊन अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. डिझेलची गाडी अशा काळात मदत घेऊन येते; विजेची गाडी आवारातच अडकेल. दिघीच्या वाहिनीसाठी अनुदान मंजूर करताना ती भूमिगत असावी की खांबांवरून न्यावी, हा प्रश्न चार्जरच्या संख्येआधी विचारला गेला पाहिजे.