खान्देशातील गायन-नृत्यपरंपरा आणि धम्मदृष्टी

पारंपरिक गायन, वादन व नृत्य यांविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. पहिल्या मतानुसार हा संस्कृतीचा अमोल ठेवा असून तो जसाच्या तसा जतन केला पाहिजे. दुसऱ्या मतानुसार ही सारी कला गावगाड्याच्या दास्याची खूण असल्यामुळे बौद्धांनी तिच्याकडे पाठ फिरविणेच योग्य. जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील परंपरेचा विचार करता ही दोन्ही मते धम्माच्या कसोटीस उतरत नाहीत, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम जतनवाद्यांचे मत घेऊ. खान्देशात डफाच्या साथीने समूहाने गायिली जाणारी वही आहे, कानबाईच्या उत्सवातील स्त्रियांची अहिराणी गाणी आहेत, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा व भिल्ल समाजाचे ढोल-पावरीवरील नृत्य आहे आणि यात्रेतील तमाशा आहे. या सर्वांना 'लोककला' या एकाच शब्दात गुंडाळले की मुख्य प्रश्न नजरेआड होतो. वाद्य कोण वाजवितो, कोणाच्या हुकमाने वाजवितो आणि वाजविताना तो कोठे उभा असतो, हा तो प्रश्न. पावऱ्यांच्या फेरात नाचणारा व पाहणारा अशी उतरंड नसते. परंतु गावगाड्यात चामड्याचे वाद्य अस्पृश्य गणलेल्या हातांत होते. त्याच्या तालावर देवाची पालखी निघे आणि वाजविणारा मात्र देवळाबाहेर राही. कलेचा गौरव आणि कलावंताची विटाळ म्हणून हेटाळणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक गावी आपल्या माणसांनी गावकीचे वाजविणे सोडले व त्यापायी बहिष्कारही सोसला. तो त्याग कलेचा नव्हता, सक्तीचा होता. हा भेद जतनवाद्यांच्या लिखाणात क्वचितच दिसतो.

आता दुसरे मत. नृत्य-गीत-वादनापासून विरत राहण्याचे शिक्षापद भिक्खू-श्रामणेरांसाठी आणि उपोसथदिनी अट्ठसील घेणाऱ्या उपासकांसाठी आहे. गृहस्थाच्या नित्य पंचशीलात ते नाही. सिगालोवाद सुत्तात तमाशे-जलशांच्या मागे सतत धावण्याचे दोष सांगितले आहेत, तेथेही रोख व्यसनावर आहे. उलट सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख वीणा वाजवून गातो, तेव्हा तार व कंठ यांचा मेळ जमल्याबद्दल तथागत त्याची प्रशंसा करतात. तालपुट या नटांच्या प्रमुखाने आपल्या कलेच्या फळाविषयी विचारले, तेव्हा मात्र तथागतांनी दोनदा-तीनदा टाळून अखेर कठोर उत्तर दिले. राग, द्वेष व मोह यांनी आधीच बांधलेल्या माणसांना जी कला त्याच बंधनात अधिक अडकविते ती अकुशल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे तथागतांनी वाद्याची जात पाहिली नाही, चित्तावरील परिणाम पाहिला.

जळगावहून जवळ असलेल्या अजिंठ्यात हीच दृष्टी रंगांत उतरली आहे. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी व तिच्याभोवतीच्या वादक स्त्रिया अत्यंत आस्थेने रंगविल्या आहेत. कथा मात्र राजाच्या गृहत्यागाची आहे. चित्रकाराने नृत्याचे सौंदर्य नाकारले नाही आणि त्याला कथेचे अंतिम साध्यही मानले नाही.

आधुनिक काळात ही कसोटी प्रत्यक्षात आणली ती आंबेडकरी जलशाने. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकात तमाशाचाच साचा हाती घेतला. ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले, विनोदी बतावणी ठेवली. देवस्तुती व शृंगार काढून टाकले आणि त्या जागी शिक्षण, पाणवठा, मंदिर व सावकार हे विषय आणले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत चळवळ या मार्गाने पोहोचली. पुढे वामनदादा कर्डक (1922-2004) यांनी हीच परंपरा गावोगाव नेली आणि मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे यांच्या रूपाने ती खान्देशातही रुजली.

या वारशाशी आजचे चित्र ताडून पाहिले पाहिजे. पू. बाबासाहेब 1937 साली न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यास आले असता लळिंग येथील लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या स्मृतीसाठी दरवर्षी 31 जुलैस तेथे अनुयायी जमतात आणि भीमगीते गायिली जातात. ही खरी लोकपरंपरा होय. ती कोणी लादलेली नाही. मात्र जयंतीच्या मिरवणुकांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा गीताचे शब्द कानी पडत नाहीत, गाणारा दिसत नाही आणि नाचणाऱ्यास काय ऐकतो आहोत याचे भान राहत नाही. जी कला सक्तीतून सुटली ती मोहात सापडली, असेच म्हणावे लागेल. तालपुटाला मिळालेले उत्तर येथे आपल्यालाही लागू पडते.

टीका करताना आणखी एका गोष्टीचा विसर पडू नये. तमाशातील स्त्री कलावंतांत दलित स्त्रियांची संख्या मोठी आहे. शैलजा पाईक यांनी 2022 मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखविले आहे की, 'अश्लील' हा शिक्का जातीने या स्त्रियांवर मारला आणि प्रतिष्ठेच्या शोधात असलेल्या आपल्या समाजानेही त्यांना दूर लोटले. अपमानकारक व्यवसाय नाकारणे हे धम्माचे, परंतु त्या व्यवसायात अडकलेल्या भगिनीला नाकारणे हे मैत्री व करुणा यांच्या विरुद्ध आहे.

तेव्हा विहारांपुढील काम स्पष्ट आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर एक सायंकाळ डफ-ढोलकीवरील गायनाला द्यावी. वयोवृद्ध गायक व स्त्रिया यांच्या मुखातील अहिराणी भीमगीते लिहून व ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग ध्वनिवर्धकांच्या भाड्याऐवजी कलावंतांच्या मानधनास द्यावा आणि तमाशातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या स्त्रियांना या व्यासपीठावर सन्मानाने बोलवावे. डफ एके काळी आपल्या गळ्यात अडकविलेला होता. आता तो स्वेच्छेने हाती घ्यावयाचा आहे, आणि त्यावर काय गावयाचे हे धम्माने ठरवावयाचे आहे.