ऑनलाइन थेट प्रक्षेपण आणि बुद्धिबळाची बदलती संस्कृती : एक चिकित्सा

प्रस्तावना

बुद्धिबळ हा मौनाचा खेळ मानला जातो. पटावर दोन व्यक्ती समोरासमोर बसलेल्या, सभोवार शांतता आणि विचार मात्र दोघांच्या मनात बंदिस्त, हे या खेळाचे परंपरागत चित्र होय. गेल्या काही वर्षांत हे चित्र झपाट्याने पालटले आहे. खेळाडू स्वतःवर कॅमेरा रोखून खेळतो, खेळता खेळता बोलतो आणि हजारो प्रेक्षक त्याच वेळी त्याला प्रतिसाद देतात. हा बदल केवळ माध्यमाचा आहे की खेळाच्या मूल्यव्यवस्थेचाही आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पूर्वपीठिका

बुद्धिबळ आणि कॅमेरा यांचे नाते प्रारंभी तणावाचेच होते. १९७२ साली रेक्याविक येथे बोरिस स्पास्की व बॉबी फिशर यांच्यात विश्वविजेतेपदाची लढत झाली. चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांविषयी तक्रार करून फिशर दुसऱ्या डावाला आलाच नाही व तो डाव त्याने न खेळताच गमावला. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागील खोलीत खेळला गेला आणि तो फिशरने जिंकला. त्याच लढतीचे विवेचन अमेरिकेत सार्वजनिक दूरचित्रवाणीवर शेल्बी लायमन करीत होते. खेळाडूला कॅमेरा नकोसा आणि प्रेक्षकाला मात्र खेळ हवासा, असा हा विरोध होता.

पुढे संगणकजालामुळे अंतर मिटले. १९९५ मध्ये इंटरनेट चेस क्लब, २००७ मध्ये चेस डॉट कॉम आणि २०१० मध्ये लिचेस अशी व्यासपीठे उभी राहिली. तथापि, प्रक्षेपणाला लोकचळवळीचे रूप आले ते २०२० मध्ये. टाळेबंदीमुळे स्पर्धा थांबल्या, प्रेक्षक घरी बसले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका प्रदर्शित झाली. हिकारू नाकामुरा यांच्यासारखा अग्रगण्य ग्रँडमास्टर ट्विचवरील लोकप्रिय प्रक्षेपक ठरला. भारतात विनोदी कलाकार समय रैना यांनी सागर शाह, नाशिकचे विदित गुजराथी आदींच्या साथीने हिंदीतून बुद्धिबळ घरोघरी पोहोचविले.

मौनाकडून वाणीकडे

या परिवर्तनाची जमेची बाजू प्रथम नोंदविली पाहिजे. ग्रँडमास्टर कसा विचार करतो, हे पूर्वी सामान्य खेळाडूला पुस्तकातील टिपांवरूनच कळे. त्या टिपा डाव संपल्यानंतर, निकाल माहीत असताना लिहिलेल्या असत. थेट प्रक्षेपणात मात्र विचार घडत असतानाच ऐकू येतो. त्यातील शंका, फसलेला हिशेब, बदललेला बेत हे सारे उघड होते. अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोदित्स्की यांनी कमी मानांकनाच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळत प्रत्येक चालीमागचे कारण बोलून दाखविण्याची जी पद्धत रूढ केली, ती अध्यापनशास्त्राच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. फळ्यावर तयार उत्तर लिहून देणे आणि विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष उदाहरण सोडविणे यांत जो भेद आहे, तोच येथे दिसतो.

शिवाय, जेथे मंडळ नाही, मार्गदर्शक नाही, तेथील मुलालाही आता श्रेष्ठ खेळाडूंचे सान्निध्य लाभते. सांगलीसारख्या गावात भाऊसाहेब पडसळगीकरांनी जी गुरुपरंपरा जोपासली, ती प्रत्येक गावाच्या वाट्याला आली नव्हती. प्रक्षेपणाने ही उणीव काही अंशी भरून काढली, हे मान्य करावे लागेल. मात्र मंडळात शिक्षक विद्यार्थ्याचा डाव पाहतो. पडद्यावर विद्यार्थी शिक्षकाचा डाव पाहतो. हा फरक लहान नाही.

मूल्यमापन-पट्टी आणि प्रेक्षकाचा अहंकार

प्रक्षेपणाचे सर्वांत प्रभावी, परंतु सर्वांत कमी चिकित्सा झालेले अंग म्हणजे पटाशेजारी दिसणारी मूल्यमापन-पट्टी. संगणकाच्या हिशेबानुसार ती पांढऱ्याकडे वा काळ्याकडे झुकते. तिच्यामुळे नवख्या प्रेक्षकालाही डावाचा कल कळतो, हे खरे. पण त्याच क्षणी प्रेक्षक व खेळाडू यांचे नाते उलटे होते. पूर्वी खेळाडूला प्रेक्षकापेक्षा अधिक कळत असे. आता प्रेक्षकाला, काहीही न उमगता, खेळाडूपेक्षा अधिक ‘ठाऊक’ असते.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे झालेला विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव याचे बोलके उदाहरण होय. डिंग लिरेन यांनी पंचावन्नाव्या चालीत हत्ती हलविला आणि हत्तींची व पाठोपाठ उंटांची अदलाबदल शक्य झाली. पट्टीने निकाल तत्क्षणी जाहीर केला. दोम्माराजू गुकेश यांना मात्र राजा व प्याद्यांचा तो शेवट आपण जिंकतो, हे स्वतःच्या नजरेने शोधावे लागले. पट्टी पाहणाऱ्याला ‘इतकी साधी चूक कशी झाली?’ असा प्रश्न पडतो. परंतु अनेक तासांच्या थकव्यानंतर, घड्याळाच्या धाकाखाली घेतलेल्या निर्णयाचे ओझे त्या पट्टीत कोठेही दिसत नाही. उत्तर मिळते, उत्तरापर्यंतचा मार्ग मिळत नाही. निर्णयाचे श्रम वगळून निर्णयावर निकाल देण्याची ही सवय बुद्धिबळापुरती मर्यादित राहील, असे मानण्यास आधार नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न

खेळ पडद्यावर गेल्याने विश्वासाचा पायाही हलला. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्याशी झालेल्या मदतनिधीच्या डावांत एका तरुण उद्योजकाने आनंद यांना हरविले व नंतर संगणकाची मदत घेतल्याचे मान्य केले. तो प्रसंग मौजेचा म्हणून विसरता आला असता. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये सिंकफील्ड चषक स्पर्धेतून मॅग्नस कार्लसन यांनी हान्स नीमन यांच्याकडून हरल्यावर माघार घेतली, तेव्हा संशय प्रत्यक्ष पटापर्यंत येऊन ठेपला.

येथे प्रक्षेपणाची दुहेरी भूमिका दिसते. ते फसवणुकीचा संशय निर्माण करणाऱ्या ऑनलाइन खेळाचे अंग आहे आणि तो संशय पसरविणारे माध्यमही आहे. पूर्वी तक्रार पंचाकडे जाई. आता ती प्रथम प्रेक्षकांसमोर येते. नारोदित्स्की यांच्या ऑनलाइन खेळाविषयी एका माजी विश्वविजेत्याने जाहीर संशय व्यक्त केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, नारोदित्स्की यांचे निधन झाले. त्या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे न्याय्य होणार नाही. तथापि, सिद्ध न झालेला आरोप लाखोंच्या साक्षीने करण्याची मुभा कोणाला असावी, हा प्रश्न त्यामुळे टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

पाहिले जाणे : स्त्री-खेळाडूंचा अनुभव

कॅमेरा सर्वांकडे सारख्या नजरेने पाहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी ही विषमता उघडपणे मांडली. प्रेक्षकांचे लक्ष आपल्या खेळाऐवजी कपडे, केस, उच्चार यांकडेच जाते, अशी त्यांची खंत होती. जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे कोनेरू हंपी यांच्यावर मात करून त्यांनी महिला विश्वचषक जिंकला व ग्रँडमास्टर किताबही मिळविला. परंतु आदर मिळण्यासाठी विश्वचषक जिंकावा लागत असेल, तर दोष खेळाडूचा नव्हे, पाहणाऱ्या समाजाचा आहे. मौनाच्या खेळात चाल बोलत असे. प्रक्षेपणात देह व चेहरा चालीच्या आधी बोलू लागतात.

अर्थकारण व कालमान

प्रक्षेपणाने खेळाडूला स्पर्धांच्या बक्षिसांपलीकडे उपजीविकेचे साधन दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र प्रेक्षक टिकविण्यासाठी खेळ वेगवान करावा लागतो. पारंपरिक डावापेक्षा जलद व अतिजलद डाव पडद्याला मानवतात. २०२५ मध्ये रियाध येथील ईस्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळाचा समावेश झाला, तो प्रत्येकी दहा मिनिटांच्या डावांच्या रूपाने. दुसरीकडे, २०२२ मध्ये चेस डॉट कॉमने प्ले मॅग्नस समूह विकत घेतल्यामुळे व्यासपीठ, स्पर्धा व समालोचन यांची सूत्रे मोठ्या प्रमाणात एकाच हाती आली. खेळाचा वेग व स्वरूप क्रीडासंघटना ठरविणार की बाजारपेठ, हा यातील कळीचा मुद्दा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, थेट प्रक्षेपणाने बुद्धिबळाला वाणी दिली, परंतु त्याच वेळी पाहणाऱ्याला विचार न करता न्यायाधीश होण्याची सोयही दिली. पहिली देणगी जपावी व दुसरीस आवर घालावा, यासाठी फार मोठ्या उपायांची गरज नाही. मूल्यमापन-पट्टी काही काळ झाकून समालोचकाने प्रेक्षकाला आधी चाल शोधावयास लावणे, आरोप चौकशीआधी प्रक्षेपित न करणे, प्रतिसादांवर जबाबदार देखरेख ठेवणे, एवढेही पुष्कळ ठरेल. डाव पाहणे आणि डाव समजणे यांतील अंतर पडद्याने मिटत नाही. ते पाहणाऱ्यालाच, पटासमोर बसून, चालून जावे लागते.