दिग्दर्शक शिकतो, निर्माता कुठंय?

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत, पण सिनेमाची कार्यशाळा म्हटली की तिथल्या पोरांना संभाजीनगर नाहीतर पुणं गाठावं लागतं. तिथं कॅमेरा, लाइट, एडिटिंग शिकवतात. पैशाचं बोलणं मात्र चहाच्या टपरीवर.

भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’ बघा. शेतजमीन विकून केलेला सिनेमा. त्यातला मेंढरांचा, माळरानाचा आवाज अजून कानात राहतो; लोकेशन साउंडला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे कसब होतंच. तरी चित्रगृहात यायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. जमीन विकण्याची ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, ते मला खटकतं. तो निर्मितीचा मार्ग नव्हे.

रोहन कानवडे फिल्म स्कूलला गेलेले नाहीत. त्यांचा ‘साबर बोंडं’ २०२५मध्ये सनडान्सला ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. त्याआधी त्याची संहिता व्हेनिसच्या ‘बिएनाले कॉलेज सिनेमा’मधून गेली होती. तिथं दिग्दर्शकानं एकट्यानं जायचं नसतं, निर्मात्यासोबत जोडीनं जायचं.

आपल्याकडच्या कार्यशाळेच्या फॉर्मवर एकच नाव मागतात. सोयगावात कुणी कार्यशाळा घेतलीच, तर दोन नावं मागा. दुसरं, हिशेबाची वही सांभाळणाऱ्या मित्राचं.