भाषेआधीचा परदेश : धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’चा एक विचार

प्रस्तावना

परदेशवास्तव्यावरील मराठी लेखनाची चिकित्सा करताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः स्थलवर्णन व संस्कृतिभेद यांकडे जाते. जेथील भाषा अवगत नाही अशा देशात माणूस आरंभीचे दिवस कशाच्या आधारे काढतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले ‘निवेदन’ हे आत्मचरित्र या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सेतुभाषा आणि लिपी

गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींना इंग्रजी शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकातील लेखाने त्यांना बुद्धाची ओढ लावली आणि पुढे काशीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ साली ते सिंहलद्वीपात गेले ते हीच शिदोरी घेऊन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या सान्निध्यात त्यांनी पालीचा अभ्यास केला. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपातील पाली ग्रंथ सिंहली लिपीत, तर ब्रह्मदेशातील बर्मी लिपीत असत. सामान्य स्थलांतरित बाजारातले शब्द आधी शिकतो, अक्षरे मागाहून. ग्रंथासाठी परमुलखात जाणाऱ्याच्या बाबतीत हा क्रम उलटतो.

सेतूच्या मर्यादा

हा सेतू विहाराच्या दारापर्यंतच पोहोचतो. सिंहलद्वीपातील आहार कोसंबींना मानवला नाही. तेथे व्याकरण उपयोगी पडणारे नव्हते. ब्रह्मदेशातील बोली तर संस्कृतशी नाते नसलेल्या भाषाकुलातील. तथापि भिक्खूने काही न मागता, पात्र घेऊन मुकाट्याने उभे राहावे, असा संघाचा दंडक आहे. ज्या समाजात याचकाचे मौन हाच शिष्टाचार ठरतो, तेथे भाषा न येणे ही उणीव राहत नाही. सागाइंगच्या डोंगरात जर्मन भिक्खू ज्ञानतिलोक यांच्यासह त्यांनी केलेले वास्तव्य या व्यवस्थेमुळेच शक्य झाले. दोघेही परदेशी, आधार एका संघाचा. पुढे १९१० साली ते हार्वर्डला गेले तेही ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या कामासाठी.

परंतु याच ठिकाणी ‘निवेदन’ची मर्यादाही जाणवते. निवेदकाची ध्येयनिष्ठा इतकी एकाग्र आहे की, त्याच्या पात्रात अन्न घालणाऱ्या गृहस्थांचे बोलणे वाचकाच्या कानी फारसे पडत नाही. हा केवळ लेखकाच्या संयमी, अनलंकृत शैलीचा परिणाम आहे, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः मान्य करूनही असे म्हणावे लागते की, सेतुभाषा ज्यांच्याशी जोडते तेच लेखनात ठसठशीत उमटतात. उरलेला समाज पार्श्वभूमीला जातो.

निष्कर्ष

भाषेआधीचे समायोजन दोन गोष्टींवर उभे राहते : समान ज्ञानभाषा आणि नवागताला सामावून घेणारी संस्था. आज जर्मनी वा जपानमध्ये उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी आणि विद्यापीठ हे दोन आधार मिळू शकतात. प्रयोगशाळेत ते पुरेसे ठरले, तरी घरमालकाच्या दारात ते अपुरे पडण्याचा संभव असतो. निभावणे म्हणजे त्या समाजाला ओळखणे नव्हे, ही जाणीव त्यांना निघण्यापूर्वीच देणे हे भाषाशिक्षकाचे कर्तव्य आहे. ‘निवेदन’ त्यासाठी, त्यातील मौनांसह, वर्गात वाचले जावे.