कमोडोर ६४ला एसडी कार्ड जोडताना काय गळतं?

१९८२ सालच्या कमोडोर ६४ला एसडी कार्ड जोडणं आता फारच सोपं झालंय. एसडी२आयईसी नावाचं छोटंसं सर्किट मिळतं. त्याची सहा पिनांची केबल सिरियल पोर्टात खोचायची, वीज बऱ्याच मॉडेलांना कॅसेट पोर्टातूनच मिळते, की झालं! मूळच्या १५४१ ड्राइव्हमध्ये फ्लॉपीची एक बाजू १,७४,८४८ बाइट्सची. या हिशेबाने ८ जीबीच्या कार्डात ४५ हजारांहून जास्त फ्लॉप्या मावतात. म्हणून लोक त्याला बिनधास्त '१५४१चा पर्याय' म्हणतात. माझा आक्षेप या 'पर्याय' शब्दाला आहे.

कारण १५४१ हा स्वतःच एक कॉम्प्युटर होता. त्यात वेगळा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी मेमरी होती. पण सिरियल जोडणी रखडलेली. व्हिक-२०च्या काळात ६५२२ चिपमधल्या एका दोषामुळे बिट पाठवायचं काम सॉफ्टवेअरवर ढकललं गेलं, आणि जुन्याशी जुळवून घेताना ते ओझं सी६४च्याही गळ्यात पडलं. वेग सेकंदाला साधारण ४०० बाइट्स! ४० केबीचा गेम लोड व्हायला दीड-दोन मिनिटं.

यावर प्रोग्रामरांनी काढलेला तोडगा मला अजूनही भारी वाटतो. स्वतःचा कोड ड्राइव्हच्या त्या २ केबीत पाठवायचा आणि तिथल्या प्रोसेसरलाच नवी, वेगवान भाषा शिकवायची. हेच ते फास्टलोडर.

आता एसडी२आयईसीमध्ये ६५०२ नाहीच. एक मायक्रोकंट्रोलर आहे, तो येणारा कोड चालवत नाही. मग काय करतो? आलेल्या कोडचा चेकसम काढतो आणि तो ओळखीच्या यादीत सापडला, तर त्या फास्टलोडरचं सोंग घेतो. यादीत नसलेला आला की गाडी अडकते.

माझ्या पीएचडीचं काम सिम्युलेशनचं आहे. त्यात हा प्रकार रोज भेटतो: मॉडेल माहितीतल्या बिंदूंवर अचूक बसतं, पण आतली यंत्रणा त्यात नसतेच. नवा बिंदू आला की पितळ उघडं पडतं. (आमच्या प्रेझेंटेशनमध्ये तो बिंदू सहसा शेवटच्या स्लाइडवर असतो.)

ती यंत्रणाच उभी करणारी साधनंही आहेत. १५४१ अल्टिमेट एफपीजीएमध्ये अख्खा ड्राइव्ह घडवतं. पाय१५४१ हे काम रास्पबेरी पायवर, मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम न ठेवता, प्रत्येक क्लॉक सायकल सांभाळून करतं. 'एवढा आटापिटा कशाला?' असं वाटत असेल तर २०२१चा फ्रीस्पिन हा डेमो बघा. एकदा कोड ड्राइव्हमध्ये गेला की कॉम्प्युटर सोडवून ठेवायचा. मग एकटा १५४१ सिरियल केबलमधून व्हिडिओ सिग्नल काढतो आणि हेडच्या मोटरवर आवाज करतो. चेकसमच्या यादीने हे कसं जमणार?

एसडी२आयईसी वाईट आहे असं मात्र नाही. स्वतः लिहिलेले बेसिक प्रोग्राम, जुनी पत्रं, एका फाइलचे गेम यांसाठी मी तेच घ्या म्हणेन. स्वस्त आहे, शिवाय फोल्डर नीट लावता येतात.

मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. पर्याय मिळाला म्हटल्यावर लोक फ्लॉप्या डी६४ फाइलमध्ये उतरवतात आणि मूळ फ्लॉप्या काढून टाकतात. डी६४मध्ये सेक्टरांतला डेटा येतो. सेक्टरांमधल्या जागा, अर्ध्या ट्रॅकवर मुद्दाम लिहिलेलं, कॉपी अडवण्यासाठी केलेल्या खोडी यांतलं फारसं काही येत नाही. जी६४ फाइल ट्रॅकवरची बिटं जशीच्या तशी धरायचा प्रयत्न करते, त्यामुळे संरक्षण असलेल्या बऱ्याच गेमसाठी तीच लागते. तेव्हा तुमच्याकडे मूळ, विकत घेतलेल्या फ्लॉप्या असतील, तर निदान जी६४ प्रत निघून ती एखाद्या सायकल-अचूक ड्राइव्हवर चालेपर्यंत तो खोका रद्दीत देऊ नका.