कारखान्याखालची जमीन : 2025 च्या प्रदूषित-स्थळ नियमांचे परीक्षण

केंद्र सरकारने 24 जुलै 2025 रोजी ‘पर्यावरण संरक्षण (प्रदूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम’ प्रसिद्ध केले. पाण्यासाठी 1974 चा व हवेसाठी 1981 चा स्वतंत्र कायदा या देशात होता. दूषित झालेल्या जमिनीचे काय करावयाचे, याविषयी मात्र अशी बांधीव व्यवस्था नव्हती. ती उणीव या नियमांनी भरून काढली, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. तथापि नियमाची खरी परीक्षा त्याच्या शब्दांवरून होत नाही. तो ज्या भूमीवर लागू व्हावयाचा, त्या भूमीवरून होते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नगरांचा पट्टा अशा परीक्षेस विशेष उपयुक्त आहे.

या पट्ट्यातील उद्योगांचे वय शंभर वर्षांचे आहे. 1919 साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट यांचे उत्पादन अंबरनाथ येथे सुरू केले. आज तिचे कारखाने रोहा व दहेज येथे आहेत. विम्को कंपनीचा आगपेट्यांचा कारखानाही स्वातंत्र्यपूर्व काळातच अंबरनाथेत उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व 1949 साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. 1962 साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती पुढे अंबरनाथ व बदलापूर येथे आल्या. या सर्व काळात एक उद्योग गेला आणि त्याच्या जागी दुसरा उद्योग किंवा मनुष्यवस्ती आली, असे वारंवार घडले आहे.

महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 साली अस्तित्वात आले आणि घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम 1989 साली झाले. म्हणजे येथील जुन्या उद्योगांची पहिली पन्नास-साठ वर्षे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. रसायनशास्त्र मात्र काही गोष्टी सुचविते. माक्षिक भाजून गंधकाम्ल केले तर मागे राखेत आर्सेनिक व शिसे राहू शकते; खनिज फॉस्फेटातून फ्लोराइड व कॅडमियम, रेयॉनच्या प्रक्रियेतून जस्त, तर पाऱ्याच्या घटातून कॉस्टिक सोडा केल्यास पारा उरू शकतो. अमुक जमिनीत हे द्रव्य आहेच, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही; कोठे व काय शोधावे, एवढेच कळते. परंतु प्रदूषित जमिनीच्या परीक्षणात हेच ज्ञान सर्वांत मोलाचे असते.

नियमांची रचना अशी आहे : स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांची यादी द्यावी; राज्य मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करावी व गरज असल्यास पुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करावे; जबाबदार व्यक्ती निश्चित करून शुद्धीकरणाचा खर्च तिच्याकडून घ्यावा. क्रम तर्कशुद्ध आहे. त्याच्या मुळाशी मात्र तीन गृहीते आहेत आणि या पट्ट्यात तिन्ही लंगडी पडतात.

पहिले गृहीत असे की, ‘स्थळ’ ही सीमा असलेली वस्तू आहे. येथील खडक बेसाल्ट असून मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ आहे. भूजल मुरमातून व खडकाच्या भेगांतून वाहते. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिरावरून उल्हासनगरमधून कल्याणच्या खाडीकडे जाते. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात रासायनिक टाकाऊ द्रव सोडला गेल्यामुळे काठावरील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. जुलै 2005 व जुलै 2019 च्या महापुरांत नदीकाठची माती कोठून कोठे गेली, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नाही. अशा भूमीचे परीक्षण भूखंडागणिक न करता ओढ्यागणिक केले पाहिजे.

दुसरे गृहीत असे की, जबाबदार व्यक्ती सापडेल. उल्हासनगरमध्ये जीन्स रंगविण्याचे व धुण्याचे शेकडो छोटे कारखाने न्यायालयीन प्रकरणानंतर बंद झाले. तेथे गाळ्याचा मालक एक, चालविणारा दुसरा, आणि पुष्कळदा बांधकामच अनधिकृत. या नगरातील अशा बांधकामांना नियमित करण्यासाठी 2006 साली स्वतंत्र अधिनियम करावा लागला होता. मोठ्या उद्योगाची स्थितीही सोपी नाही. उल्हासनगरशेजारी मोहोने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला आणि पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून नव्या हाती गेला. अशा प्रक्रियेत मंजूर आराखड्यात न आलेले पूर्वीचे दावे संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली घनश्याम मिश्रा प्रकरणात म्हटले आहे. मग वीस वर्षांनी जमिनीत पारा किंवा जस्त आढळल्यास तो दावा कोणावर? प्रदूषकाने भरपाई करावी हे तत्त्व आणि नव्या मालकाला कोरी पाटी द्यावी हे तत्त्व, यांचा मेळ कसा घालावयाचा, याचे उत्तर आधी शोधले नाही, तर खर्च अखेर करदात्यावर किंवा नकळत घर घेणाऱ्यावर पडेल.

तिसरे गृहीत सर्वांत गंभीर आहे : संशय आधी येईल, बांधकाम मागाहून होईल. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. नगरपरिषदेकडे मृत्तिका-परीक्षणाची प्रयोगशाळा नसते. तक्रार येण्यासाठी तेथे कोणी राहत असावे लागते. तोवर पाया खणला जातो, निघालेली माती डंपरमधून दुसरीकडे भरावाला जाते आणि एका दूषित जागेच्या दोन होतात. यासाठी तपासणीचा क्षण बदलला पाहिजे. औद्योगिक जमिनीचा वापर बदलताना, बांधकामाच्या परवानगीपूर्वी, त्या जागेचा उद्योग-इतिहास सादर करणे बंधनकारक असावे : कोणते उत्पादन, कोणती वर्षे, टाक्या व गाळाचे खड्डे कोठे होते. कागद नसतील तेथे जुन्या कामगारांची साक्ष घ्यावी. ती साक्ष दरवर्षी विरळ होत आहे.

यामुळे घरे महागतील व काम लांबेल, हा आक्षेप निराधार नाही. परंतु प्रत्येक जागेची सगळी माती उपसावी, असे येथे सुचविलेले नाही. काँक्रीटखालच्या गोदामाला जे चालेल, ते मुलांच्या खेळाच्या मैदानाला किंवा विहिरीला चालणार नाही. वापर ठरला की उपाय ठरतो. कोठे आच्छादन पुरेल, कोठे विहीर बंद करावी लागेल, तर कोठे मर्यादित माती काढून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे न्यावी लागेल. इतिहास तपासण्याचा खर्च या सर्वांपुढे नगण्य आहे. 2025 च्या नियमांनी जमीन कोणी बिघडविली हे विचारण्याचा अधिकार दिला. तिच्यावर पूर्वी काय होते, हा प्रश्न घर बांधण्यापूर्वी विचारला गेला, तरच त्या अधिकाराला अंबरनाथ-उल्हासनगरसारख्या नगरांत अर्थ येईल.